जहाजाची वाट पाहणारा अग्निबाण

२०१३ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यालगत असलेल्या श्रीहरिकोटा बेटावर एक अग्निबाण उड्डाणासाठी सिद्ध होत होता. त्याच्या टोकाशी बसून भारताचे पहिले यान मंगळ ग्रहाकडे जाणार होते. उड्डाणासाठी २८ ऑक्टोबर हा दिवस ठरला होता. शास्त्रज्ञांची रात्रंदिवस लगबग चालू होती आणि साऱ्या देशाचे डोळे त्या बेटाकडे लागले होते. असे असूनही उड्डाण आठ दिवस पुढे ढकलण्यात आले.

याचे कारण काय असावे? यानात काही बिघाड झाला नव्हता, की अग्निबाणात काही उणीव राहिली नव्हती. श्रीहरिकोट्यापासून हजारो मैल दूर, दक्षिण प्रशांत महासागरात, ‘नालंदा’ नावाचे एक जहाज खराब हवामानात सापडले होते आणि आपल्या नेमलेल्या जागी ते वेळेवर पोहोचू शकत नव्हते. म्हणून ५ नोव्हेंबर ही नवी तारीख ठरली. मंगळाकडे जाण्यास निघालेला अग्निबाण समुद्रावरच्या एका जहाजाची वाट पाहत थांबला!

मंगळाच्या यानाला जहाजाची काय गरज, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर पृथ्वीच्या गोल आकारात आहे. अग्निबाण आकाशात झेपावला, की आपण कोठे आहोत, आपला वेग किती आहे, आपली यंत्रे नीट चालली आहेत की नाहीत, हे तो बिनतारी संदेशांनी सतत कळवत असतो. हे संदेश सरळ रेषेत जातात. डोंगराच्या पलीकडे लावलेला दिवा जसा अलीकडच्या माणसाला दिसत नाही, तसाच अग्निबाण क्षितिजाच्या पलीकडे गेला म्हणजे त्याचे संदेश श्रीहरिकोट्याला ऐकू येत नाहीत. म्हणून त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी संदेश टिपणारी केंद्रे असावी लागतात. भारताची अशी केंद्रे बेंगळूर, लखनौ, पोर्ट ब्लेअर येथे आहेत. तशीच ती मॉरिशससारख्या परदेशांतही आहेत. परंतु मंगळयानाची वाट निराळी होती. अग्निबाणाचा चौथा आणि अखेरचा टप्पा पेटणार होता तो दक्षिण प्रशांत महासागरावर, आणि यान अग्निबाणापासून सुटे होणार होते तेही त्याच भागात. तेथे खाली दूरवर पाण्यावाचून दुसरे काही नाही. पाण्यावर केंद्र उभारायचे, तर ते जहाजावरच उभारले पाहिजे. म्हणून मुंबईच्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपनीची ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ ही दोन जहाजे संदेश टिपणारी यंत्रे घेऊन त्या समुद्रात पाठवण्यात आली होती.

जहाजाची वाट न पाहता अग्निबाण सोडला असता तर? कदाचित सर्व काही ठीक झाले असते. पण काही चुकले असते, तर काय चुकले व केव्हा चुकले, हे कोणालाच कळले नसते. उलट, फार दिवस थांबणेही शक्य नव्हते. पृथ्वी आणि मंगळ हे दोन्ही ग्रह सूर्याभोवती निरनिराळ्या गतीने फिरतात आणि थोडक्या इंधनात मंगळापर्यंत पोहोचण्याची संधी सुमारे सव्वीस महिन्यांतून एकदाच येते. त्या वेळची संधी १९ नोव्हेंबरला संपणार होती. ती हुकली असती, तर दोन वर्षांहून अधिक काळ हात जोडून बसावे लागले असते. एवढा मोठा धोका समोर असतानाही संस्थेच्या धुरीणांनी जहाजासाठी थांबण्याचा निर्णय घेतला.

५ नोव्हेंबर रोजी दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी अग्निबाण आकाशात झेपावला. सुमारे ४४ मिनिटांनी यान त्याच्यापासून सुटे झाले. त्या निर्णायक क्षणांचे संदेश लाटांवर हेलकावे खाणाऱ्या जहाजांनी टिपले आणि भारताकडे धाडले. पुढे २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते यान मंगळाभोवती फिरू लागले. पहिल्याच प्रयत्नात मिळालेले हे यश पाहून जगाने भारताचे कौतुक केले. शास्त्रज्ञांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. त्या जहाजांवरील खलाशांची नावे मात्र फारशी कोणाच्या कानी आली नाहीत.

या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. अंतराळ संशोधन करणाऱ्या संस्थेत दोन प्रकारची कामे असतात. यानाची रचना करणे, अग्निबाण बांधणे, तो उडवणे ही पहिल्या प्रकारची कामे होत. ती सर्वांच्या डोळ्यांत भरतात. ही कामे घडावीत म्हणून जी असंख्य लहानमोठी कामे पाठीशी चाललेली असतात, ती दुसऱ्या प्रकारची. त्यांना साहाय्यक सेवा असे म्हणतात. देवळाचा कळस दुरून चमकतो व त्याला सर्वजण हात जोडतात. पण तो कळस ज्या पायाच्या दगडांवर तोललेला असतो, ते दगड जमिनीच्या पोटात असल्यामुळे कोणाला दिसत नाहीत. साहाय्यक सेवांचेही तसेच आहे.

भारतीय अंतराळ संशोधनाचा आरंभच मुळी अशा साहाय्यातून झाला. केरळात तिरुवनंतपुरम शहराजवळ थुंबा नावाचे कोळ्यांचे एक लहानसे गाव आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त त्याच्या जवळून जाते. म्हणून वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करण्यासाठी डॉ. विक्रम साराभाई यांनी हे गाव पसंत केले. परंतु तेथे ना कार्यालय होते, ना कारखाना. गावात सेंट मेरी मॅग्डलीन यांचे एक चर्च होते. धर्मगुरू आणि गावकरी यांनी ते चर्च व त्याच्या शेजारचे बिशपचे घर या कामासाठी मोकळे करून दिले. चर्चमध्ये अग्निबाणांची जुळणी होऊ लागली, बिशपच्या घरात कचेरी थाटली गेली. अग्निबाणाच्या टोकाचा भाग सायकलवरून नेत असलेल्या माणसांचे त्या काळातील एक छायाचित्र आजही आवडीने पाहिले जाते.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिला अग्निबाण आकाशात गेला. तो अमेरिकेतून आणलेला होता. त्या दिवशी तो उचलून उड्डाणाच्या जागी ठेवत असताना क्रेनच्या यंत्रणेत गळती झाली आणि अग्निबाण कलू लागला. उड्डाणाची वेळ तर जवळ आलेली. तेव्हा तेथे असलेल्या माणसांनी आपल्या हातांच्या बळावर तो नीट जागेवर बसवला. संध्याकाळी अग्निबाण उडाला व आपले काम करून गेला. ज्या हातांनी तो सावरला, ते हात त्या दिवशी मागे सरले असते, तर भारताच्या अंतराळ संशोधनाचा पहिलाच दिवस निराशेचा ठरला असता.

१९६९ सालच्या १५ ऑगस्ट रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजेच इस्रो, स्थापन झाली. संस्था वाढली, यंत्रे आली. तरी साध्या माणसांच्या साहाय्याची गरज संपली नाही. १९८१ साली ‘ॲपल’ नावाचा दळणवळणाचा उपग्रह तयार झाला. संदेश घेणारा व देणारा त्याचा अँटेना तपासताना सभोवती धातूचे सामान असून चालणार नव्हते, कारण धातूमुळे बिनतारी लहरींत अडथळा येतो. मोटारगाडी तर धातूचीच. मग उपग्रह ठेवायचा कशावर? शास्त्रज्ञांनी सरळ एक लाकडी बैलगाडी आणवली आणि त्या नव्या उपग्रहाला तिच्यावर बसवून चाचणी घेतली. त्याच वर्षी १९ जून रोजी तो उपग्रह अवकाशात गेला. त्या दिवशी बैलगाडीवाल्याचे काम शास्त्रज्ञाच्या कामाला अगदी खेटून उभे होते.

आज या संस्थेचा पसारा फार मोठा आहे. देशात ठिकठिकाणी तिची केंद्रे आहेत आणि प्रत्येक केंद्रात साहाय्यक सेवांचे जणू एक गावच वसलेले आहे. श्रीहरिकोट्याचेच उदाहरण घ्यावे. तेथील हवामानखात्यातील माणसे फुगे आकाशात सोडून उंचावरच्या वाऱ्यांचा वेग मोजतात. खाली झाडाचे पान हलत नसले, तरी वर वारा पिसाट असू शकतो, आणि तो अग्निबाणाला वाटेवरून ढकलू शकतो. उड्डाणापूर्वी समुद्रातील कोळ्यांना, जहाजांना आणि विमानांना त्या भागात न येण्याच्या सूचना दिल्या जातात. अग्निशामक दल बंब घेऊन सज्ज असते. पहारेकरी रात्रभर जागे असतात.

मंगळयानाच्या वेळी उड्डाणाची उलटी गणती साडेछप्पन तास चालली होती. इतका वेळ जी माणसे यंत्रांपुढून हलू शकत नाहीत, त्यांनाही भूक लागते. त्यांच्यासाठी वेळेवर जेवण रांधणारे स्वयंपाकी असतात, आणि अपरात्री त्यांची ने-आण करणारे मोटारचालकही असतात. स्वयंपाकी, मोटारचालक व अग्निशामक यांच्या जागा इस्रो इतर जागांप्रमाणेच रीतसर जाहिरात देऊन भरते. कारण यांच्यावाचून संस्थेचा गाडा एक दिवसही चालणार नाही.

सामानाची खरेदी करणे हेही असेच एक जोखमीचे काम आहे. अग्निबाणाचे भाग देशभरातल्या कारखान्यांतून तयार होऊन येतात. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे त्याची प्रचंड पोलादी नळकांडी घडवली जातात. मुंबईत विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात त्याची इंजिने तयार होतात. कोणती वस्तू कोठून घ्यावी, ती केव्हा पोहोचली पाहिजे, तिची किंमत रास्त आहे की नाही, हे खरेदीखात्याला पाहावे लागते. आलेली प्रत्येक वस्तू भांडारात नोंदवून ठेवली जाते. हिशेबनीस पैशांचा चोख हिशेब ठेवतात, कारण हा पैसा जनतेचा असतो. मोठी नळकांडी आणि इंजिने लांबलचक गाड्यांवर घालून शेकडो मैलांचा प्रवास करतात. त्यांना वाटेत हिसका बसू नये म्हणून गाडी चालवणाऱ्याला डोळ्यांत तेल घालून जपावे लागते.

ही कामे लहान दिसतात. पण त्यांतील चूक लहान राहत नाही. १० ऑगस्ट १९७९ या दिवसाने हा धडा कठोरपणे शिकवला. उपग्रह अवकाशात पोहोचवू शकणारा भारताचा पहिला अग्निबाण त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून उडाला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे त्या कामाचे प्रमुख होते. पहिला टप्पा नीट पार पडला. दुसऱ्या टप्प्यात मात्र अग्निबाण डोलू लागला आणि उड्डाणानंतर सव्वापाच मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळला. चौकशी झाली तेव्हा कळले, की दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेतील एक झडप मळ अडकल्यामुळे पुरती मिटली नव्हती आणि तिच्यातून आवश्यक ते आम्ल आधीच गळून गेले होते. वर्षानुवर्षांची मेहनत अशा रीतीने समुद्राच्या तळाशी गेली. ज्या कामाला सामान्यतः कोणी मोठे मानत नाही, त्या स्वच्छतेच्या कामाचे मोल त्या दिवशी सर्वांना उमगले. माणसांनी धीर सोडला नाही. प्रत्येक झडप, प्रत्येक नळी पुन्हा पुन्हा तपासण्यात आली आणि पुढल्याच वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, तसाच दुसरा अग्निबाण ३५ किलो वजनाचा ‘रोहिणी’ उपग्रह घेऊन यशस्वीपणे वर गेला.

तपासणी करणाऱ्यांच्या हाती म्हणूनच एक मोठा अधिकार दिलेला असतो. तो अधिकार म्हणजे ‘थांबा’ असे म्हणण्याचा. १९ ऑगस्ट २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून एक अवजड अग्निबाण उडणार होता. उलटी गणती चालू होती आणि केवळ ७४ मिनिटे उरली होती. इतक्यात दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळत असल्याचे लक्षात आले. उड्डाण तत्काळ रद्द झाले. तयारीत गेलेला वेळ फुकट गेला, लोकांची निराशा झाली, हे खरे. पण अग्निबाण वाचला. पुढे सदोष टप्पा बदलण्यात आला आणि ५ जानेवारी २०१४ रोजी त्याच अग्निबाणाने आपले काम उत्तम रीतीने पार पाडले. ‘चला’ असे म्हणणे सर्वांना आवडते; योग्य वेळी ‘थांबा’ असे म्हणण्यास मात्र धैर्य लागते.

या कामांत केवळ यंत्रांचीच नव्हे, तर माणसांच्या प्राणांचीही जोखीम असते. अग्निबाणाचे इंधन अत्यंत ज्वालाग्राही असते. २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोटा येथे घन इंधनाचे काम चालू असताना आग भडकली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. त्या दिवशी कोणताही अग्निबाण उडायचा नव्हता. ती माणसे पुढील उड्डाणांसाठी आपले नित्याचे काम करीत होती. इंधन तयार करणारे, ते साठवणारे, त्याची वाहतूक करणारे, त्याच्यावर पहारा ठेवणारे असे सर्वजण रोज या जोखमीच्या छायेत वावरतात. सुरक्षिततेचे नियम पाळून घेणारा अधिकारी कधीकधी कठोर वाटतो. पण त्याच्या कठोरपणामुळेच शेकडो माणसे संध्याकाळी सुखरूप घरी परततात.

काही साहाय्यक सेवा तर अशा आहेत, की त्यांचे यश म्हणजे काहीच न घडणे! पृथ्वीभोवती आज जुन्या उपग्रहांचे आणि अग्निबाणांचे हजारो तुकडे प्रचंड वेगाने फिरत आहेत. त्यांतील एखादा लहान तुकडाही नव्या यानाचा चुराडा करू शकतो. या तुकड्यांवर नजर ठेवणारी काही माणसे संस्थेत असतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ दुपारी २ वाजून ३५ मिनिटे १३ सेकंदांनी उडणार होते. एक तुकडा त्याच्या फार जवळ येईल, असे या माणसांच्या गणितात दिसून आले. म्हणून उड्डाण चार सेकंद उशिरा करण्यात आले. केवळ चार सेकंद! एवढ्या वेळात माणसाचा एखादा श्वास घेऊन होतो. उड्डाण पाहणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी बहुतेकांच्या ते ध्यानीही आले नसेल. पुढे २३ ऑगस्ट रोजी ते यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले आणि साऱ्या देशात आनंदीआनंद झाला. त्या आनंदात या चार सेकंदांचाही वाटा होता.

मोठे कार्य कोणा एकाच्या बुद्धीने कधीच सिद्धीस जात नाही. शास्त्रज्ञाची प्रतिभा ही त्याची प्रेरणा खरी. परंतु त्या प्रतिभेला कारागिराचे हात, भांडारपालाची नोंद, वाहकाची सावधगिरी, पहारेकऱ्याची जाग आणि स्वयंपाक्याचे अन्न यांची जोड मिळाली, तरच ती आकाशात पोहोचते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत नाजूक कडीइतकीच असते. म्हणून ज्या संस्थेत प्रत्येक कडीची सारखीच काळजी घेतली जाते, ती संस्था थोर कामे करू शकते.

मंगळाकडे जाणारा अग्निबाण आठ दिवस एका जहाजासाठी थांबला, यात अग्निबाणाचा मुळीच कमीपणा झाला नाही. ‘नालंदा’वरचे खलाशी खवळलेल्या समुद्रातून वाट काढीत होते आणि ते पोहोचल्यावाचून आपण निघायचे नाही, हे श्रीहरिकोट्यावरील शास्त्रज्ञांनी ठरवले होते. एकाने दुसऱ्याची वाट पाहिली आणि दुसऱ्याने आपली जागा गाठली. म्हणूनच तिसऱ्याच एका ग्रहापर्यंत भारताचे नाव पोहोचले.